अण्णांचा क्लीनर

बशीरमामांनी आमच्या घरी पहिल्या दिवशी टॉवेलची जी घडी घातली, तसली घडी पहिलीतलं पोरसुद्धा घालणार नाही. कोपऱ्याला कोपरा नाही, काठाला काठ नाही. कपडा गोळा करायचा, वर एक थाप मारायची, झाली घडी. मी शाळेत गणित शिकवते. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं उठतं. दारातूनच मी विचारलं, "मामा, हे काय चाललंय?"

"घडी घालतोय की, ताई," ते शांतपणे म्हणाले, आणि पुढच्या टॉवेलचीही तीच गत केली.

बाजूच्या पलंगावर माझे वडील, अण्णा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. अण्णांची सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेली, तीही चेकिंगच्या टेबलावर. प्रत्येक टॉवेल त्यांच्या हाताखालून जायचा. सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार, काही दिसलं की टॉवेल बाजूला फेकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "सेकंड." म्हणजे दुय्यम माल, पहिल्या मालाच्या गठ्ठ्यात जायचा नाही. पास झालेल्याची घडी मात्र अशी घालायचे की काठ बोटाला लागावा. हा शब्द ते घरीही घेऊन यायचे. माझी प्रगतिपुस्तकं, आईची भाकरी, शेजारच्यांचा जावई, सगळे कधी ना कधी सेकंडमध्ये गेलेले आहेत. पहिल्या मालात कोण होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि अण्णा, दोघंच. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डावी बाजू ठणठणीत आहे, उजवीही बरीचशी परत येईल, पण त्यांनी स्वतः हालचाल केली पाहिजे. अण्णांनी डावा हातसुद्धा उचलायचं सोडून दिलं. तोंडाजवळ चमचा नेला की खायचे, नाही नेला तर तसेच पडून राहायचे.

त्यात आमच्या दादानं भर घातली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ विजय, पुण्याला असतो. तो आला, पलंगाशी उभा राहिला आणि अण्णा जणू बहिरे आहेत अशा थाटात मला म्हणाला, "तू दहाला जाणार, साडेपाचला येणार. असं किती दिवस चालायचं? दसऱ्यापर्यंत बघू. तोवर आपले आपण उठायला लागले तर ठीक. नाहीतर पुण्यात एका संस्थेत जागा बघून ठेवलीय, मी घेऊन जातो." दादाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हिशेबानं बरोबरच होतं. पण हे घर अण्णांनी एकेक खोली वाढवत बांधलेलं, दारातल्या कडुनिंबापासून गच्चीच्या तारेपर्यंत. दादा बोलून गेला आणि अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

बशीरमामांच्या आधी दोन माणसं ठेवून झाली. पहिला दिवसभर मोबाइल बघायचा. दुसरा फार चांगला होता, आणि तेच वाईट झालं. त्यानं अण्णांना देवघरातला देव करून टाकलं. आंघोळ घालायची, गंध लावायचं, नैवेद्य दाखवायचा, पांघरूण घालायचं. देव कशाला हलतोय?

मग शाळेतल्या एका बाईंनी बशीरमामांचं नाव सांगितलं. साठीचा माणूस, थोराड बांधा, पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. तीस वर्षं ट्रक चालवलेला. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गाडी सोडली आणि आजारी माणसांची देखभाल करायला लागले. मी आपली शिस्तीत अनुभव विचारला. म्हणाले, "आई चार वर्षं अंथरुणाला होती. तिचं मीच केलं. तिनं सर्टिफिकेट न्हाई दिलं, पण शिव्या बी न्हाई दिल्या."

हा माणूस आल्या आल्या पेशंटची चौकशी करील तर शपथ. आधी स्वयंपाकघर पाहिलं. कुठला डबा कुठं, झाडू कुठला, कपडे कुठं वाळतात, दळण कोण आणतं, सगळं विचारून घेतलं. मग वाळलेल्या कपड्यांचा ढीग उचलून अण्णांच्या पलंगापाशी खुर्ची ओढली आणि त्या टॉवेलांची वाट लावायला सुरुवात केली. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. रोज संध्याकाळी मी शाळेतून येऊन सगळ्या घड्या मोडायची, परत घालायची आणि मनातल्या मनात म्हणायची की महिना भरला की यांना नारळ द्यायचा.

तिसऱ्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. आत बशीरमामांचं नेहमीचं गुणगुणणं चाललं होतं. ते एकदम थांबलं. मी डोकावून पाहिलं. अण्णांनी कूस बदलली होती. डावा हात लांब करून त्यांनी मामांच्या मांडीवरचा टॉवेल ओढला होता. छातीवर पसरला, एका हातानं कोपरा कोपऱ्याला लावायचा प्रयत्न केला. दुसरी बाजू सरकली. पुन्हा लावला. बशीरमामा मदतीला गेले नाहीत. त्यांनी फक्त अण्णांचा निर्जीव उजवा पंजा उचलला आणि टॉवेलवर वजनासारखा ठेवला. मग डाव्या हातानं घडी जमली. बरी नव्हती, पण मामांच्यापेक्षा दसपट बरी होती.

"अस्सं व्हय," मामा म्हणाले. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई की."

मी पेपरांपाशी येऊन बसले आणि रडले. पुढचे तीन पेपर मी कसे तपासले ते त्या पोरांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "मामा, तुम्हाला घडी येते ना?"

"ताई, ट्रकवर ताडपत्री बांधणारा माणूस मी. घडी न येऊन कसं चालंल?" आणि मग जरा हळू आवाजात, "पन अण्णांना सांगू नका."

तिथून पुढं घराचा ट्रक झाला. अण्णा ड्रायव्हर आणि बशीरमामा क्लीनर. जन्मभर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला माणूस आमच्या घरात आनंदानं क्लीनर झाला. सकाळची आंघोळ म्हणजे सर्व्हिसिंग. दुपारचं जेवण म्हणजे हॉल्ट. सांध्यांना तेल चोळायचं म्हणजे ग्रीस मारायचं. वॉकर आला तेव्हा तर गल्लीभर आवाज जायचा. अण्णा वॉकर धरून एकेक पाऊल मागं घेत खुर्चीत बसायचे आणि बशीरमामा बाजूला उभे राहून अंगाला हात न लावता सांगायचे, "आन दो, आन दो, डावी काट, अजून डावी, आन दो, बस्स." आणि खुर्चीच्या पाठीवर दोन थापा मारायचे. अण्णा ओठाच्या एका बाजूनं हसायचे. समोरच्या काकू मला म्हणाल्या, तुमच्याकडे घराचं काम काढलंय का, रोज ट्रक मागं घेताय.

घरातलं कुठलंच काम बशीरमामा एकटे करायचे नाहीत. भाजी निवडायची तर परात अण्णांच्या मांडीवर. चिमटे अण्णांच्या हातात, कपडे मामांच्या. तांदूळ अण्णांसमोर पसरायचे, खडा सापडला की मामा कपाळावर हात मारायचे, जणू त्यांच्याच गाडीचं पंक्चर सापडलंय. आणि हे सगळं पेशंटसाठी चाललंय असा आव मुळीच नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, किती करता हो तुम्ही अण्णांसाठी." तर म्हणाले, "निस्तं त्यांच्यासाठी कशाला? दिवसभर एका खोलीत मी बी हाय की. मला मजा न्हाई आली तर महिन्याभरात मी बी पेशंट होतो. मंग दोघांना कोन बघनार?"

भांडी घासायचा मात्र त्यांना मनापासून कंटाळा होता आणि ते तसं उघड सांगायचे. त्यावर त्यांनी शेंगांची पैज काढली होती. शेंगदाण्याची चटणी आमच्या घरात दोन दिवसांत संपते, त्यामुळे शेंगा फोडायचं काम कायमचं. शेंग कानाशी हलवायची आणि आत दाणे किती ते सांगायचं. ज्याचं जास्त वेळा चुकेल तो हरला. मामा हरले तर भांडी घासून पुसायचीही त्यांनीच, अण्णा हरले तर मामांनी घासलेली अण्णांनी पुसायची. सुरुवातीला अण्णा म्हणाले होते, "बायकांची... कामं." तेव्हा त्यांना एवढे दोन शब्द जुळवायला मिनिट लागायचं.

बशीरमामा जरासुद्धा रागावले नाहीत. "अण्णा, ट्रकवर बाई कुठं असती? विजयवाड्यापतोर जाऊन येईस्तोर भाकरी कोन थापत होतं? हा बशीर. आनि लुंगी कोन धूत होतं? हाच बशीर. खानारा पुरुष चालतो, तर करनारा बी चालंल की."

अण्णांनी एक शेंग उचलली आणि कानाशी नेली. "तीन," म्हणाले. तीनच निघाले. चाळीस वर्षं माल तपासलेला माणूस होता तो. नंतर नंतर मामाच इतके हरायला लागले की मी एक दिवस विचारलं, "हेही मुद्दाम का?" तर तोंड पाडून म्हणाले, "न्हाई हो ताई, हे खरंच." शेंगा फोडायला दोन्ही हात लागतात. पैज लागून दोन महिने झाले तोवर अण्णांचा उजवा अंगठा शेंग दाबायला लागला होता. ते माझ्या लक्षातच आलं नाही, एक दिवस डॉक्टरांच्या आलं.

आता माझी चूक सांगते, नाहीतर सगळी फुलं मामांच्या गळ्यात घालून मी नामानिराळी राहिल्यासारखं होईल. सप्टेंबरातला एक रविवार. मी पहाटे उठले आणि घर चकाचक केलं. कपडे घडी करून कपाटात, भाजी निवडून डब्यात, शेंगदाणे भाजून, सोलून, पाखडून तयार. म्हटलं, आज दोघांनाही जरा आराम. बशीरमामा नऊला आले. रिकामी टोपली पाहिली, रिकामी परात पाहिली, आणि माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढलेला मी त्याच दिवशी ऐकला.

"ताई, अण्णांचा डबा कोनी खाल्ला?"

"कसला डबा?"

"कामाचा. मानसाला उठून करायला कायतरी लागतंय. ते तुमी सगळं खाऊन टाकलं. आता ते उठून काय करतील, तुमचं तोंड बघतील?"

मला अशा भाषेची सवय नाही. मी वर्गात बोलते, मला कुणी बोलत नाही. मीही काही कमी केलं नाही. म्हटलं, "मामा, घर माझं आहे, वडील माझे आहेत आणि कामावर तुम्हाला मी ठेवलंय." ते सरळ कपाटाकडे गेले, माझ्या घडीचे सगळे कपडे काढले, एकेक झटकून टोपलीत टाकला आणि टोपली पलंगाशी नेऊन ठेवली. मी टोपली उचलायला पुढे झाले. तेवढ्यात अण्णा आपले आपण कोपरावर जोर देऊन उठून बसले, टोपलीतलं माझंच एक पातळ ओढलं आणि मला म्हणाले, "शाळा... सुटली. जा."

काय करणार? गेले. गच्चीवर जाऊन उगीच तार पुसत बसले. राग उतरायला दुपार झाली, आणि कळायला अजून एक दिवस लागला. मी अण्णांवर इतकी माया करत होते की त्यांना पुण्याच्या वाटेला मीच लावत होते. दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "माझं बी. आवाज चढला. गाडीची सवय हाय, हॉर्न मोठा लागतोय."

दसरा झाला. चार दिवसांनी, शुक्रवारी, दादा गाडी घेऊन आला. त्याला फोनवर मी सगळं सांगत होते, पण मी अण्णांच्या बाजूची, म्हणून त्यानं निम्मंच धरलं होतं. आणि दैव असं की तो आला तेव्हा अण्णा सकाळच्या व्यायामानं दमून झोपलेले, भिंतीकडे तोंड करून, अगदी जूनसारखे. दादानं एकदा पाहिलं आणि मान हलवली. "तू थकलीयस, तुला कळत नाही," म्हणाला. संस्थेला संध्याकाळी पोचतो म्हणून त्यानं आधीच कळवलं होतं. बशीरमामा दाराशी उभे होते. त्यांची नमाजाची वेळ झाली होती. मला वाटलं आज थांबतील, अण्णांना उठवतील, चालवून दाखवतील. ते रुमाल खांद्यावर टाकून म्हणाले, "येतो ताई. ड्रायव्हर घरात हाय, मी काय करनार?" आणि खरंच निघून गेले. त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

दादानं पलंगाच्या पायथ्याशी बॅग उघडली आणि कपाटातले कपडे भरायला लागला. त्याच्या पद्धतीनं, म्हणजे गुंडाळ्या करून. विमानात असंच नेतात म्हणे. सदरे, लुंग्या, टॉवेल, स्वेटर. मी भिंतीला टेकून उभी होते. मी वर्गात साठ पोरांना गप्प करते, आणि इथं मला एक वाक्य सुचेना.

अण्णांना आवाजानं जाग आली. त्यांनी बॅग पाहिली, दादाला पाहिलं. मग डाव्या हातानं पलंगाची कड धरून उठून बसले. वॉकर ओढला, उभे राहिले आणि पलंगाला वळसा घालून सात पावलं चालत पायथ्याशी आले. मी मोजली. दादा हातात स्वेटर घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं अण्णांना उभं पाहिलं होतं ते मे महिन्यात.

अण्णा कडेला बसले. बॅगेतून पहिला सदरा उचलला, गुंडाळी उलगडली, उजेडाकडे धरून पाहिला.

"सेकंड," म्हणाले. स्वच्छ, एका दमात.

सदरा मांडीवर पसरला, उजवा पंजा वर ठेवला, तो आता निर्जीव राहिलेला नव्हता, त्यानं दाब दिला, आणि डाव्या हातानं घडी घातली. माझ्याकडे दिली. "कपाट." दुसरा सदरा. "सेकंड." लुंगी. "सेकंड." टॉवेल. मी घडी घेत होते आणि कपाटात ठेवत होते. अर्धा तास लागला. शेवटी बॅगेत काही उरलं नाही. अण्णांनी हात आत घालून तळ चाचपला आणि चेन ओढून बंद केली.

दादा त्यांच्याजवळ जमिनीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस. डोळे पुसत म्हणाला, "अण्णा, एक टॉवेल ठेवा की बाहेर. मला दाखवा कसं ते." अण्णांनी त्याला दाखवलं. दादाची पहिली घडी सेकंडमध्ये गेली, दुसरीही गेली. तिसरी अण्णांनी बराच वेळ निरखली आणि काही न बोलता गठ्ठ्यावर ठेवली. आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणाचं झालेलं नाही.

बशीरमामा परतले तेव्हा दादा संस्थेला फोन करून नाही म्हणून सांगत होता. मामांनी रिकामी बॅग पाहिली. पाणी प्यायले. आणि अण्णांना म्हणाले, "चला, शेंगा राहिल्यात."

मी त्यांना विचारलं होतं नंतर, तुम्ही थांबला का नाहीत म्हणून. ते म्हणाले, "मी चालवून दाखवलं असतं तर मी चालवलं असं झालं असतं की." एवढंच. मी पंचवीस वर्षं शिकवतेय, आणि फळ्याजवळ पोराला उभं केल्यावर खडू त्याच्याकडे देऊन आपण बाजूला सरायचं असतं, हे मला ट्रक चालवणाऱ्या माणसानं शिकवलं. हे मी स्टाफरूममध्येही सांगते, आणि मान वर करून सांगते.

त्यानंतरही मामा येत राहिले. हिवाळा सरला. अण्णा वॉकर सोडून काठीवर आले. दुपारची ताटं तेच घ्यायला लागले. आणि मग एक रविवार आला. अण्णा गच्चीवर उन्हात बसले होते, बशीरमामा तारेवर चादर टाकत होते, मी कुंड्यांना पाणी घालत होते. अण्णा म्हणाले, "बशीर, उद्यापासनं येऊ नको."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतकं सगळं केलेल्या माणसाला असं कुणी बोलतं का? मी तोंड उघडणार, तर मामांनी मला हातानं थांबवलं.

"कपडे कोन वाळत घालंल?"

"मी."

"दुपारचं जेवन?"

"मी वाढून घेतो."

"गोळ्या?"

"मी घेतो. मला वाचता येतंय."

"आनि भांडी?"

"ती बी मीच," अण्णा म्हणाले. "तू हरून हरून बी नीट घासत न्हाईस."

बशीरमामांनी चादरीचा शेवटचा चिमटा लावला. खाली बसले, अण्णांचा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ दाबत राहिले. अण्णांनीही दाबला. मग सलाम करून, गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी उतरून गेले. मी त्यांच्यामागे धावत खाली आले. म्हटलं, माफी मागावी, चहा तरी पाजावा, कामासाठी दोन घरं शोधून द्यावीत. फाटकाशी पोचले तर ते कडुनिंबाखाली पाठमोरे उभे होते, फोन कानाला. पलीकडे त्यांची बायको होती. रुमालानं डोळे पुसत होते आणि आवाज असा की सगळ्या गल्लीला ऐकू जावा.

"सुनती क्या? अण्णाने आज मेरेकू काम पर से निकाल दिये... हौ, हौ, निकाल दिये. नै गे, बेटी नै बोली, बेटा बी नै बोला. खुद बोले. अपने मुँह से."